शंट घातलेल्या मुलाचा ताप
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक भाषण)



आरती आणि नाटक यांच्या मधली पंधरा मिनिटे समितीने मला दिली आहेत, तेव्हा एकाच गोष्टीवर बोलतो. आपल्या ओळखीच्या घरांतही शंट घातलेली मुले आहेत आणि त्यांना दिवसभर सांभाळणारे आजी-आजोबा आज समोर बसले आहेत.

मोठ्या माणसाच्या मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते आणि तेवढेच रक्तात शोषले जाते. जन्मजात दोषामुळे, रक्तस्रावामुळे किंवा क्षयाच्या मेंदूज्वरामुळे त्याची वाट अडली की पाणी तुंबते. तान्ह्या बाळाचे डोके वाढू लागते. मग आम्ही सिलिकॉनची बारीक नळी मेंदूच्या पोकळीतून कातडीखालून पोटात नेऊन सोडतो. मध्ये एक झडप असते. हाच शंट. दिल्लीला जाताना शहाजहानपूर लागते ना, तिथे तयार होणारा छाब्रा शंट परदेशी शंटपेक्षा पुष्कळ स्वस्त. त्याच्यामुळे गरिबाघरची कितीतरी मुले वाचली.

पण नळी पडली निर्जीव. आपल्या कातडीवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्यावर बसले, तर ते स्वतःभोवती चिकट थर करतात. टाकीतल्या बुळबुळीत शेवाळासारखा. त्या थरात औषध नीट पोचत नाही. बहुतेक संसर्ग पहिल्या सहा महिन्यांत दिसतात, आणि ताप कधीकधी अगदी किरकोळ असतो. मूल चिडचिडते, ओकते, झोपाळते. नळीच्या वाटेवर लाली येते. एखाद्याचे नुसते पोट दुखते.

माझीच चूक सांगतो. एका सहकाऱ्याच्या मुलीला शंट घालून दोन महिने झाले होते. रात्री त्याचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, थोडा ताप आहे, एकदा ओकली." पावसाळ्याचे दिवस, घरोघरी ताप. मी म्हणालो, पॅरासिटामॉल द्या, उद्या बघू. उद्याचे परवा झाले. मधल्या काळात त्याने औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून सुरू केले. तिसऱ्या दिवशी पोर आली ती डोळेही न उघडणारी. झडपेतून पाणी काढून तपासायला पाठवले. पेशी वाढलेल्या, पण जंतू उगवेनात. अर्धवट औषधाने ते दबले होते. कोणत्या जंतूवर औषध देतो आहोत हे कळल्याविना आम्ही लढलो. जुना शंट काढला, पाणी बाहेरच्या पिशवीत सोडले, तीन आठवडे इंजेक्शने आणि मग नवा शंट. मुलगी वाचली. चालायला मात्र फार उशिरा लागली. त्याने मला कधी दोष दिला नाही, हे जास्त बोचते.

म्हणून शंटच्या मुलाला ताप किंवा उलटी आली, तर स्वतःहून अँटिबायोटिक नको. त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे. मी फोनवर "उद्या" म्हणालो तरी ऐकू नका, घेऊन या. शंट कधी घातला, कोणता, आणि शेवटचे सीटी स्कॅन, हे एका फाइलीत ठेवा. गावी जाताना ती फाइल डब्याच्या पिशवीतच असू द्या.

अँटिबायोटिक मुरवलेल्या नळ्याही निघाल्या आहेत. ब्रिटन-आयर्लंडमधल्या 1605 रुग्णांच्या चाचणीत (2019) साध्या नळीने सुमारे 6 टक्के, तर या नळीने 2 टक्के रुग्णांना संसर्ग झाला. किंमत जास्त पडते. पण पुन्हा शस्त्रक्रिया आणि महिनाभराच्या खाटेचा हिशेब मांडून ठरवा.

नाटकाची दुसरी घंटा झाली. कोणाला विचारायचे असेल तर मी प्रसादाच्या टेबलाजवळ आहे.