दोन खाती

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितले, "काका, पोरांना करिअरवर दोन शब्द सांगा." मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. करिअर म्हणजे प्रमोशन आणि बदली, एवढेच मला माहीत. म्हणून आज माझ्याबद्दल न बोलता, तुम्ही टीव्हीवर ज्यांचा आवाज ऐकता त्या हर्षा भोगले यांच्याबद्दल बोलतो. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे.

आमच्या तरुणपणी नामपूरला क्रिकेट कानांनी बघायचे. एक ट्रान्झिस्टर आणि भोवती पंधरा डोकी. बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करायचे आणि मैदान डोळ्यांपुढे उभे राहायचे. पेपरात खेळाला मानाचे पान मिळवून दिले ते 'महाराष्ट्र टाइम्स'च्या वि. वि. करमरकरांनी. ते आपल्या नाशिकचेच. पण बोलून किंवा लिहून पोट भरता येते, खेळाच्या जिवावर घर चालते, हे तेव्हा आमच्या डोक्यात कधी शिरलेच नाही.

भोगले हैदराबादच्या मराठी घरातले. जन्म 1961 चा. आई-वडील दोघेही प्राध्यापक. मुलाने उस्मानिया विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंग केले, मग अहमदाबादच्या आयआयएममधून मॅनेजमेंट. पुढे जाहिरात कंपनीत नोकरी. आता मला सांगा, अशा मुलाने क्रिकेटच्या समालोचनात जावे का? त्यात हे गृहस्थ भारताकडून कधी खेळलेले नाहीत. कॉलेज, क्लब, एवढीच त्यांची मजल. शेजारच्या खुर्चीवर गावसकर, शास्त्री. तिथे यांनी बोलायचे काय?

पण बघा, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीच, म्हणजे इंजिनिअरिंगचे शिक्षण चालू असताना, ते हैदराबादच्या आकाशवाणीवर समालोचन करू लागले होते. 1991-92 साली भारताचा संघ ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा तिथल्या एबीसी रेडिओने त्यांना बोलावले. तिथून पुढे ईएसपीएन, स्टार स्पोर्ट्स, मुलाखती, लेख, पुस्तके. खेळलेल्या माणसाला जे आतून माहीत असते, ते यांनी विचारून, वाचून, पाहून मिळवले. मोठा खेळाडू शेजारी असला की त्याला नेमका प्रश्न विचारायचा आणि त्याला बोलू द्यायचे. हीसुद्धा एक विद्याच आहे.

सगळे सुरळीतच झाले असेही नाही. 2016 साली आयपीएलच्या तोंडावर त्यांना समालोचनातून वगळले. कारण आपल्याला अधिकृतपणे कोणी सांगितले नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले. आमच्यासारख्याची बदली झाली तरी आम्ही महिनाभर साहेबाच्या नावाने बोटे मोडायचो. ते काम करत राहिले आणि पुढे पुन्हा माईकसमोर आले.

आता माझी चूक. माझा मुलगा लहानपणी हातात टॉर्च धरून अंगणात कॉमेंट्री करायचा. गल्लीतल्या पोरांचा सामना असला तरी याचे तोंड बंद नसायचे. ऐकायला बायाबापड्या ओट्यावर बसायच्या. बारावीनंतर तो म्हणाला, "पप्पा, मला पुण्याला पत्रकारिता शिकायचीये. टीव्हीवर खेळाच्या बातम्या द्यायच्यात." मी म्हणालो, "बडबड करून पोट भरत नाही. बी.कॉम. कर." त्याने केले. आज चांगल्या नोकरीत आहे, माझ्यावर राग नाही. पण त्या दिवसानंतर अंगणात त्याचा आवाज कधी आला नाही. ती टॉर्च कपाटात तशीच पडून होती.

मला वाटायचे, डिग्रीचा आग्रह धरला यात काय चुकले? भोगल्यांनीही डिग्री घेतलीच की! पण त्यांनी डिग्री घेताना माईक सोडला नव्हता. एका माणसाची दोन खाती एकाच वेळी चालू राहू शकतात, हे जन्मभर लोकांची खाती उघडून देणाऱ्या माझ्या लक्षात येऊ नये? एकात रोज भर पडते, दुसऱ्यात कधीमधी. पण म्हणून दुसरे बंद करायचे नसते. मी माझ्या मुलाचे एक खाते त्याला न विचारता बंद केले.

म्हणून पालकांना हात जोडून सांगतो, अभ्यासाला जरूर बसवा, पण दुसरे खाते चालू ठेवा. आणि मुलांनो, नुसता आवाज पुरत नाही. स्कोअर लिहायला शिका, नियम पाठ करा, रोज पेपर वाचा.

शेवटी एक विनंती. सव्वीस जानेवारीला आपल्या मोकळ्या प्लॉटवर सामने होतात, तेव्हा माईक आम्हा म्हाताऱ्यांकडे देऊ नका, पोरांकडे द्या. मराठीत बोलू द्या, अहिराणीत बोलू द्या, चुकू द्या. माईक-स्पीकरचा खर्च दरवर्षी माझ्याकडे. यंदा मुलगा सुट्टीला येणार आहे. पहिली पाच षटके त्याने बोलावीत, असे मी त्याला फोनवर सांगितले आहे. तो नुसता हसला. नाही म्हणाला नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र!