खाली चार माग चालू आहेत

आज पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. मागे खडखड ऐकू येत असेल तर तुमचा हेडफोन बिघडलेला नाही. मी इचलकरंजीला घरी आलोय आणि खाली आमचे माग चालू आहेत.

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की मला एडीएचडी आहे. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, कॉलेजमध्ये कळलं नव्हतं का?" नाही. सव्विसाव्या वर्षी कळलं. कॉलेजची चार, खरं तर पाच वर्षं मी स्वतःला आळशी समजून काढली.

दहावीपर्यंत मी हुशार पोरगा होतो. अभ्यास करायचो कुठं, तर मागाच्या शेडमध्ये, कांड्यांच्या पेटीवर बसून. पाहुणे म्हणायचे, एवढ्या आवाजात याच्या डोक्यात शिरतं कसं? मला तिथंच जमायचं. आई चहाच्या निमित्तानं डोकावायची. बाबा तुटलेली तार जोडता जोडता विचारायचे, "कुठवर आलं?" म्हणजे माझं लक्ष मी एकटा सांभाळत नव्हतोच. अख्खं घर सांभाळत होतं.

मग इंजिनिअरिंगला पुणे. होस्टेल, आणि एकदम शांत रीडिंग हॉल. पहिली ओळ वाचायची, आणि भानावर यायचं तेव्हा समोरच्याच्या बाटलीवरचं लेबल तिसऱ्यांदा वाचत असायचो. एम-थ्री राहिला. मग आणखी दोन विषय. जर्नल अपूर्ण, टर्मवर्कच्या सह्या नाहीत. सर म्हणायचे, "मन लावून कर." अहो, मन लागायचं की! मेसच्या हिशोबाचं ॲप बनवायला सलग चौदा तास बसलो होतो, जेवण विसरून. जर्नलला मात्र चौदा मिनिटं बसवत नव्हतं. त्यामुळं माझीच खात्री पटली की याला जमतंय, पण हा करत नाही, म्हणजे हा माज आहे. आता कळतं की लक्ष नसणं हा प्रश्न नव्हताच. ते हवं तिथं वळवता येत नव्हतं.

जुगाड भरपूर केले. रूममेटकडे दोनशे रुपये ठेवायचे, असाइनमेंट वेळेत दिली नाही तर ते त्याचे. (त्यानं त्या पैशात चांगले बूट घेतले.) रात्री स्वारगेटच्या स्टँडवर जाऊन वाचायचं, कारण तिथं गोंगाट असायचा. तिथं खरंच दोन विषय निघाले. पण बाकी सगळं भीतीवर चालायचं. परीक्षा उद्यावर आली की मेंदू सुरू. ते दोन सेमिस्टर पुरलं. तिसऱ्या वर्षी वायडी बसला.

घरी काय सांगितलं? "प्रोजेक्टसाठी एक वर्ष जास्त लागतंय." बाबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. आमचे आठ माग होते. त्या वर्षी चार भंगारात गेले. धंदा मंदा होता हे खरं, पण माझी फी आणि होस्टेलही त्यातच होतं.

नोकरी लागल्यावर तेच सुरू झालं, फक्त जर्नलच्या जागी टिकिटं आली. शेवटी सायकियाट्रिस्टकडे गेलो. यात रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नसतो, सविस्तर बोलणं असतं. मोठ्यांसाठी निकष असा की यादीतली किमान पाच लक्षणं हवीत, ती घर-कॉलेज-ऑफिस अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत, आणि काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत. त्यासाठी आईला फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी वस्तू हरवायच्या का? आई म्हणाली, "डबे सांगू का छत्र्या?"

स्टँडचं कोडंही सुटलं. 2007 साली स्वीडनमधल्या संशोधकांच्या एका अभ्यासात पार्श्वभूमीला एकसारखा आवाज असताना एडीएचडी असलेल्या मुलांची कामगिरी सुधारली, तर बाकीच्या मुलांची घसरली. प्रत्येकाला लागू पडेल असं नाही, पण मला शेड आठवली.

रील बघून स्वतःवर शिक्का मारू नका. झोप कमी, थायरॉइड, चिंता, नैराश्य, यांतही लक्ष असंच उडतं. औषधाची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची, मित्राकडून नाही. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416. फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि उशीर झाला म्हणू नका. मल्याळम नट फहाद फासिलनं 2024 मध्ये सांगितलं की त्याचं निदान एकेचाळिसाव्या वर्षी झालं.

काल रात्री बाबांना वायडीचं खरं सांगितलं. एडीएचडीचंही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मधेच मान न वळवता म्हणाले, "तीन नंबर थांबला," उठले, कांडी बदलली, परत येऊन बसले. मग म्हणाले, "तवाच बोलला असतास तर दोनच इकले असते."

आई आतून ओरडली, "आता त्याला माग काढून दाखवू नका." तर ते म्हणाले, "दाखवत न्हाय. हिशोब सांगतोय." आणि थोड्या वेळानं, "ते डब्याचं म्हणालास... माझं बी तसंच हुतं."

हे आनुवंशिक असू शकतं, असं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज सांगेन. खाली एक माग बंद पडलेला ऐकू येतोय, बहुतेक बाबा जेवायला वर येतायत. थांबतो.