वाडा शिवारात उतरला की

कपाशीची शेवटची वेचणी उरकत आली, की आपल्या शिवारात मेंढपाळांचे वाडे उतरू लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, मागं तान्हं लेकरू घेतलेली बाई. आपण पटकन म्हणतो, यांना ना घर ना दार. पण बहुतेकांना गाव आहे, घरही आहे. मेंढीला ओल सोसत नाही, चिखलात खूर सडतात. म्हणून तर नगर-पुण्याकडचे वाडे कोकणातला पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर घाट उतरतात अन् मिरगाच्या आधी देशावर परततात. आपल्याकडं येणारेही असाच चारा, पाणी अन् हवा बघून मुक्काम हलवतात.

शेतात मेंढ्या बसवल्या, की लेंडीखत आयतंच मिळतं. कपाशीतली उरलेली बोंडं मेंढ्यांनी खाल्ली तर गुलाबी बोंडअळीही कमी होते. सौदा मात्र पुरुष ठरवतात. पाल ठोकणं, लांबून पाणी आणणं, कोकरं पाजणं हे सगळं बाईकडं, अन् तिला कुणी विचारत नाही.

आमच्या गटानं पालावर जाऊन विचारलं. आधी पाण्याचं बोलणं निघालं, मग लेकरांच्या लशीचं. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, अन् तोवर मुक्काम चार गावं पुढं गेलेला! खरं तर लस कुठल्याही सरकारी उपकेंद्रात फुकट मिळते. तिथं आपलं गाव कोणतं याची अडचण नसते, फक्त माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवायचं. रेशनचंही तसंच. कार्डाला आधार जोडलेलं असेल, तर दुसऱ्या गावच्या दुकानातूनही अंगठा लावून धान्य उचलता येतं. ही गोष्ट कितीतरी बायांना ठाऊकच नव्हती.

आपल्याकडून एवढं करा. शेतात औषध फवारलं असेल तर मेंढ्या शिरण्याआधी सांगा, घरच्या माणसांनाही सांगायला लावा. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यानं किराळ लागते, ते धनगरणीला आपल्याहून जास्त कळतं. पण कोणत्या रानात काय मारलंय ते तिला कसं कळणार? एक कळप गेला, तर त्या घराचं वर्ष गेलं.

अन् वाडा उतरला, की आशाताईंना त्याच दिवशी निरोप द्या. त्यांची लसीकरणाची तारीख पालावर कळवायला गटातली एक बाई नेमून ठेवा. मुक्काम दोन-चार रात्रींचाच असतो.