पिगीचे बोलणे

विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) माणसातल्या पशूची कादंबरी म्हणून आपण वाचतो. ती वर्गभेदाचीही आहे. निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज मुलांत पिगीचे बोलणे अशुद्ध, आंटीचे गोळ्या-चॉकलेटांचे दुकान. त्याला दमा आहे. त्या शब्दाचा उच्चारही चुकतो. अक्कल त्याची, आग पेटते त्याच्याच चष्म्याने. पण त्याचे खरे नाव कोणी विचारत नाही. बेटावर घर, शाळा, पैसा उरला नाही. उच्चार तेवढा उरला.

आपल्या मराठीतल्या हिंदी-कानडी हेलावर पुण्यात कोणी हसले, की आपल्याला लागते. मग घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या बोलण्याला हसणाऱ्या आपल्या नातवाला आपण थांबवतो का?