खानदेशातील मोसमी वारे आणि पेरणीची घाई



आखाजी झाली की आपले डोळे आभाळाकडे लागतात. मृगात एक जोराची सर आली की तिफण शेतात जाते. नंतर पाऊस पंधरा दिवस दडी मारतो, कोवळे मोड करपतात आणि दुबार पेरणी नशिबी येते. बियाणे, खत, मजुरी सगळे पुन्हा. म्हणून आज पावसाआधी वाऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

उन्हाळ्यात राजस्थान व पाकिस्तानचा भाग तापतो आणि तेथे हवेचा दाब कमी होतो. विषुववृत्तापलीकडून समुद्रावरचे बाष्प घेऊन वारे तिकडे धावतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते उजवीकडे वळतात, म्हणून आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतात. त्यांची अरबी समुद्रावरील शाखा सह्याद्री चढताना थंड होते व कोकण-घाटमाथ्यावर पाणी सोडते. घाट उतरलेली हवा मात्र तापते, कोरडी होते. नवापूर भागात वर्षाला १००० मि.मी.हून जास्त पाऊस पडतो; पूर्वेला शिंदखेड्याकडे तो जवळपास निम्म्यावर येतो. जून-जुलैत धुळ्याकडे डोक्यावर टोपी ठरत नाही असा वारा असतो, ढगही पळताना दिसतात, पण थेंब नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्यावर. पेरणीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आपली खरी झड पुष्कळदा पूर्वेकडून येते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते मध्य भारतातून पश्चिमेकडे सरकते आणि त्याच्या नैर्ऋत्य बाजूस जोराचा पाऊस होतो. ते दक्षिणेकडून गेले तर रावेर-यावलपासून धुळ्यापर्यंत शिवार भिजते, उत्तरेकडून गेले तर आपण नुसते ढग मोजतो. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे आपल्या शेतात ओल झाली असे नव्हे. ते पाणी बहुधा वर विदर्भ-मध्य प्रदेशात पडलेले असते.

कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडे मोठी उघडीप पडते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा ऐन पाते-फुलांवरच्या कोरडवाहू कपाशीने काय सोसले ते तुम्हांस सांगावयास नको.

आता पेरणीचे. वळवाचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करीत येतो, एक शिवार भिजवतो व शेजारचे कोरडे ठेवतो. नक्षत्राचे वाहन बेडूक असो की गाढव, त्याने जमिनीतली ओल कळत नाही. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. हलक्या, मुरमाड रानात तर मुळीच नाही. जुलैचा पहिला पंधरवडा उलटला तर मूग-उडदाचा नाद सोडावा. बाजरी, तूर किंवा सूर्यफूल घ्यावे.

पाऊस मोजावयास महाग यंत्र लागत नाही. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा झाडा-घरापासून दूर, उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी त्यात पट्टी उभी धरावी, आकडा वहीत लिहावा आणि डबा रिकामा करावा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मि.मी. पाऊस.