ट्रॅक्टरवरच्या पंपाला पीळ किती लागतो?



नदीकाठी किंवा शेततळ्यावर वीज नसली की आपल्यापैकी बरेच जण ट्रॅक्टरच्या पाठीमागच्या पी.टी.ओ. शाफ्टला पंप जोडतात. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो. सेंट्रिफ्यूगल पंपाला मात्र दीड हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त फेरे लागतात. म्हणून मध्ये फेरे वाढवणारा गिअरबॉक्स बसवावा लागतो. तो घेताना दुकानात विचारतात, "ट्रॅक्टर केवढ्याचा?" आपण सांगतो, "पस्तीसचा." "मग चालंल की!" झाला हिशेब.

मागे एका नदीकाठच्या गावी आम्ही गेलो होतो. उन्हाळ कांदा पोसायला लागलेला, शेवटची दोन-तीन पाणी राहिलेली, आणि बांधावर पंप उघडा पडलेला. जुना गिअरबॉक्स गेला म्हणून मालकाने नवा आणला होता. नव्यावर पाणी पहिल्यापेक्षा जोरात आले. घरचे सगळे खूष. चौथ्या दिवशी गिअरबॉक्सचा शाफ्ट पिळवटला आणि दात झडले. "ट्रॅक्टर तर जरासुद्धा कण्हला नाही, मग हे कसं झालं साहेब?" असे त्यांनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर शेवटी देतो. आधी पीळ म्हणजे काय ते पाहू.

घट्ट नट सोडवताना आपण पान्ह्याला लांब पाइप अडकवतो. जोर तेवढाच, पण दांडा लांब झाला की पीळ वाढतो. या पिळालाच टॉर्क म्हणतात. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला १० किलोचे वजन टांगले, तर दुसऱ्या टोकाला १० किलोग्रॅम-मीटर पीळ बसतो. (हा अंतराचा किलोमीटर नव्हे, बरं का.) अलीकडच्या यंत्रांवर हाच आकडा न्यूटन-मीटरमध्ये असतो. त्याला ९.८ ने भागले की आपला किलोग्रॅम-मीटर मिळतो.

आता पंपाचा हिशेब करू. समजा, आपल्याला सेकंदाला १५ लिटर पाणी हवे आहे. म्हणजे दोनशे लिटरचा बॅरल साधारण तेरा सेकंदांत भरेल, आणि एकराला दोन इंच पाणी द्यायला पावणेचार तास लागतील. नदीचे पाणी पंपाच्या खाली ४ मीटर, शेत पंपाच्या वर १६ मीटर. एकूण उचल २० मीटर. पाइप चार इंची, लांबी ६० मीटर. त्यात घर्षणापायी सुमारे ३ मीटर जातात. फूटव्हॉल्व्ह आणि बाकांचे आणखी २ मीटर धरा. एकंदर हेड २५ मीटर.

१५ ला २५ ने गुणले, ३७५ झाले. त्याला ७५ ने भागले, ५ आले. ही झाली पाण्याची हॉर्सपॉवर. पण पंप दिलेली सगळी ताकद पाण्याला देत नाही. बऱ्यापैकी पंप शंभरातले साठ भाग देतो. तेव्हा ५ भागिले ०.६, म्हणजे ८.३ हॉर्सपॉवर पंपाला लागेल. गिअरबॉक्समध्ये पाच टक्के जातात असे धरले, तर ट्रॅक्टरकडून ८.८ घ्यावी लागेल.

यापुढे एकच सूत्र लक्षात ठेवायचे. हॉर्सपॉवरला ७१६ ने गुणायचे आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागायचे, की पीळ किलोग्रॅम-मीटरमध्ये मिळतो. गिअर तीन पटीचा असेल, म्हणजे मोठ्या चक्राला ५४ आणि लहानाला १८ दात, तर पंप १६२० फेरे फिरेल. पंपाच्या शाफ्टवर पीळ येईल ३.७. तोच ट्रॅक्टरकडच्या शाफ्टवर, ५४० फेऱ्यांना, ११.६ येईल. पाहा, काम एकच, पण सावकाश फिरणाऱ्या शाफ्टला तिपटीहून जास्त पीळ सोसावा लागतो. "गिअर लावला की जोर वाढतो" असे म्हणतात ते इथे उलटे आहे. सायकलचे पुढचे चक्र मोठे आणि मागचे लहान असते, म्हणून चाक भराभर फिरते, पण चढावर पायडल किती जड लागते ते सर्वांना ठाऊक आहे. इथे पायडल म्हणजे पी.टी.ओ. शाफ्ट.

११.६ आला म्हणून बाराचा गिअरबॉक्स घ्यायचा नाही. सुरू करतानाचा हिसका, कचरा अडकणे, हे सारे धरून दीडपट घ्या. १७.४ होतात, तेव्हा ५४० फेऱ्यांना १८ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे १७६ न्यूटन-मीटर सोसणारा मागा. पाइपात काटकसर करून तीन इंची घातला, तर त्याच ६० मीटरमध्ये ३ ऐवजी ११ मीटर हेड जाते. मग तेवढेच पाणी काढायला पीळ पंधराच्या वर जातो, आणि डिझेल जळते ते वेगळेच.

आता त्या कांदेवाल्यांची गोष्ट. जुना गिअर तीन पटीचा होता, नवा निघाला चार पटीचा! पंप १६२० ऐवजी २१६० फेरे फिरू लागला. सेंट्रिफ्यूगल पंपाचे फेरे वाढले की त्याला लागणारा पीळ ढोबळमानाने फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. फेरे सव्वापटीहून थोडे जास्त, १.३३ पट झाले, की पंपाचा पीळ १.७८ पट होतो. शिवाय गिअरच १.३३ पट जड. दोन्ही मिळून ट्रॅक्टरकडच्या शाफ्टवर २.३७ पट. ११.६ चे झाले साडेसत्तावीस! गिअरबॉक्स अठराचा. पस्तीसच्या ट्रॅक्टरचे पी.टी.ओ.वर तीस हॉर्सपॉवर मिळतात असे धरले, तरी तो ४० किलोग्रॅम-मीटर पीळ देऊ शकतो. मग तो कशाला कण्हेल? ट्रॅक्टर दमण्याच्या आधी गिअरबॉक्सच मोडणार.

शाफ्टच्या जोडणीत मुद्दाम नरम ठेवलेला एक बोल्ट असतो. त्याला शिअर बोल्ट म्हणतात. पीळ हाताबाहेर गेला की आधी तो तुटतो आणि बाकीचे वाचते. इथे तो दुसऱ्याच दिवशी तुटला होता. "सारखा तुटतोय" म्हणून जागी कडक पोलादी बोल्ट घातला, आणि खबर देणारा राखणदारच गेला! बोल्ट कंपनीने सांगितलेल्या जातीचा आणि जाडीचाच घाला. दोनदा तुटला तर पंप सोडवून हाताने फिरवून पाहा आणि गिअरचे दात मोजा. शाफ्टला एक फेरा हाताने द्या, पंपाचे किती होतात ते खडूची खूण करून मोजता येते.

पंप सुरू करताना आधी त्यात पाणी भरून घ्या. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सावकाश फेरे वाढवा आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. असे केले की सुरुवातीचा पीळ कमी बसतो. व्हॉल्व्ह बंद ठेवून फार वेळ मात्र चालवू नका, पंप तापतो. आणि हा उपाय सेंट्रिफ्यूगल पंपाचाच. हायड्रॉलिकचा दातेरी पंप असतो, त्याची वाट बंद केली तर पीळ वाढतच जातो.

फिरत्या शाफ्टवरचे झाकण काढून ठेवू नका. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातला पंचा यांचे टोक जरी अडकले, तरी ५४० फेऱ्यांना सेकंदात नऊ वेढे बसतात. माणसाला हात काढायला सवड मिळत नाही. वंगण द्यायचे, बोल्ट बदलायचा, तर आधी ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात टाका, आणि शाफ्ट पूर्ण थांबल्यावरच हात लावा.