चष्म्याचा नंबर काढणारा माणूस
(गणेशोत्सवातील भाषण)



डोळे तपासणाऱ्या प्रत्येकाला आपण डॉक्टरच म्हणतो. ऑप्टोमेट्रिस्ट ऑपरेशन करत नाही, आणि तो नुसता चष्मे विकणाराही नव्हे. तो नजर मोजतो, नंबर काढतो, मोतीबिंदू किंवा काचबिंदूची शंका आली की नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. सरकारी दवाखान्यात असंच काम नेत्र सहायक करतो. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यातून हे काम खेड्यापर्यंत आलं.

मला बोलायचं आहे लेकरांबद्दल. एका डोळ्याचा नंबर जास्त असला तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणंच सोडतो. डोळा बाहेरून चांगला दिसतो, लेकरू दुसऱ्या डोळ्यानं भागवतं, तक्रार करत नाही. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा दिला, गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावली, तर बहुतेकदा नजर सुधारते. पुढे ते कठीण होत जातं. अक्षर न येणाऱ्या लेकराचाही नंबर निघतो, रेटिनोस्कोपचा उजेड बाहुलीत टाकून.

पण "पोरीला आत्तापासून चष्मा? लग्न कसं जमंल?" हे सौंसर-पांढुर्ण्याकडं अजून ऐकू येतं. पोराबद्दल असं कोणी विचारत नाही! लग्नाच्या वयात मग नंबर उतरवायचं ऑपरेशन केलं, तरी आळशी राहिलेली नजर त्यानं परत येत नाही.

घरी एकेक डोळा झाकून लेकराला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा. एकच डोळा झाकल्यावर ते चिडलं, हात झटकला, तर तपासायला घेऊन या. जुना चष्मा असला तर तोही आणा.